बाणावलीतली सही आणि न आलेलं हेलिकॉप्टर

२०१६चा ऑक्टोबर महिना सासष्टीतल्या माझ्या वयाच्या मुलामुलींना नक्की आठवत असेल. ब्रिक्स परिषद गोव्यात भरली होती. बाणावलीकडे जाणारे रस्ते गुळगुळीत झाले, कुंपणांना रंग लागला, नाक्यानाक्यावर पोलीस उभे राहिले. मी तेव्हा सातवीत होतो. मोठी माणसं येणार म्हणून वाहतूक अडवलेली आणि आम्ही सायकली घेऊन लांबच्या वाटेने फिरतोय, एवढंच माझ्या लक्षात आहे.

त्या परिषदेच्या निमित्ताने १५ ऑक्टोबरला बाणावलीत आणखी एक बैठक झाली. पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि रशियाचे राष्ट्राध्यक्ष व्लादिमीर पुतिन यांची वार्षिक शिखर बैठक. संरक्षणमंत्री होते आपले मनोहर पर्रीकर. त्या दिवशी संरक्षणाच्या तीन मोठ्या गोष्टी ठरल्या. एक, एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा. दोन, नौदलासाठी चार युद्धनौका. आणि तीन, कामोव्ह केए-२२६टी या हलक्या हेलिकॉप्टरांसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि रशियन कंपन्यांच्या भागीदारीचा करार. एकूण २०० हेलिकॉप्टर. ६० तयार येणार, १४० भारतात बनणार.

पुढे काय झालं बघा. एस-४००चा खरेदी करार २०१८ मध्ये झाला आणि २०२१च्या अखेरीपासून यंत्रणा यायला लागल्या. चार नौकांपैकी रशियात बांधलेली ‘तुशील’ डिसेंबर २०२४ मध्ये आणि ‘तमाल’ जुलै २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली. उरलेल्या दोन आपल्या वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये बांधायला घेतल्या. ‘त्रिपुट’चं जलावतरण जुलै २०२४ मध्ये झालं आणि ‘तवस्या’चं मार्च २०२५ मध्ये.

हेलिकॉप्टर मात्र आलं नाही. दोनशेपैकी एकही नाही.

आता कोणी म्हणेल, साहित्य मंडळाच्या अंकात हेलिकॉप्टर कशाला? हा विषय संरक्षणतज्ज्ञांचा, तुझं काय त्यात? प्रश्न बरोबर आहे. मला इंजिनातलं काही कळत नाही. पण या सगळ्या प्रकरणात मला जे खुपतं ते इंजिनाबद्दल नाहीच. निर्णय लांबवला की धोका टळतो, असं आपण समजतो. मला वाटतं, धोका टळत नाही. तो फक्त टेबलावरून उठतो आणि दुसऱ्याच्या अंगावर जाऊन बसतो. एवढंच मला इथे सांगायचं आहे.

आधी जुन्या हेलिकॉप्टरबद्दल. लष्कर आणि हवाई दल आजही ‘चेतक’ आणि ‘चीता’ वापरतात. दोन्ही मूळची फ्रेंच. चेतक म्हणजे १९५९ मध्ये पहिल्यांदा उडालेलं अलूएत-३. चीता म्हणजे १९६९ मध्ये उडालेलं लामा. ते तर भारताच्या डोंगराळ गरजेसाठीच तयार झालं. दोन्ही हिंदुस्थान एरोनॉटिक्सने परवाना घेऊन इथे शेकड्यांनी बनवली. ही यंत्रं वाईट आहेत असं कोणी समजू नये. २१ जून १९७२ रोजी झां बुले या फ्रेंच वैमानिकाने लामा हेलिकॉप्टर १२,४४२ मीटर उंचीवर नेलं. वर गेल्यावर इंजिन बंद पडलं, तरी नुसत्या फिरत्या पात्यांच्या आधारावर ते सुखरूप खाली उतरवलं. आपल्या काळात त्या जातीत याच्या तोडीचं दुसरं नव्हतं. १९८४ पासून सियाचीनमधल्या आपल्या चौक्या याच चीताच्या जिवावर तगून आहेत. विरळ हवेत पात्यांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही कमी पडतो. त्यामुळे अगदी वरच्या चौकीवर कधीकधी एका फेरीत जेमतेम वीस-पंचवीस किलो सामान पोचतं. तेवढ्यासाठी वैमानिक पुन्हा पुन्हा जातात. येताना आजारी जवानाला घेऊन येतात.

पण हे सगळं अर्धशतकापूर्वीचं तंत्र आहे. एकच इंजिन, आजच्या मानाने फार साधी उपकरणं. ढग अचानक उतरले, दरीत धुकं भरलं, तर वैमानिकाला मदत करायला यंत्राकडे फारसं काही नाही. गेल्या काही वर्षांत सप्टेंबर २०१९ मध्ये भूतानमध्ये, मार्च २०२२ मध्ये काश्मीरच्या गुरेझमध्ये, ऑक्टोबर २०२२ मध्ये तवांगजवळ आणि मार्च २०२३ मध्ये अरुणाचलातल्याच मंडालाजवळ चीता कोसळलं. दरवेळी घरी कोणीतरी वाट बघत होतं. प्रत्येक अपघाताचं कारण ‘हेलिकॉप्टर जुनं’ एवढंच असतं असं म्हणणं खोटेपणाचं होईल. हवामान असतं, डोंगर असतात, माणसाची चूकही असते. पण यंत्र नवं असतं तर त्या चुकीला थोडी जास्त माफी मिळाली असती की नाही, हा प्रश्न विचारायलाच हवा.

आमच्या वाड्यावरचे एक अंकल दाबोळीला नौदलात तंत्रज्ञ होते, आता निवृत्त आहेत. हा लेख लिहायच्या आधी मी त्यांच्याकडे जाऊन बसलो. ते म्हणाले, “बाबा, हेलिकॉप्टरच्या कितीतरी भागांना तासांचं आयुष्य असतं. इतके तास उडालं की हा भाग काढायचा. तो कितीही चांगला दिसूं, काढायचा म्हणजे काढायचा. कोणाची परवानगी नाही, चर्चा नाही.” मी विचारलं, मग जुनं हेलिकॉप्टर सुरक्षितच ना? ते हसले. “भाग बदलता येतात. पण बांधणीच जुनी असली तर नवीन भाग घालून ते नवीन होत नाही. आणि भाग मिळायलासुद्धा हवेत ना!”

घरी येताना माझ्या डोक्यात एकच विचार होता. हेलिकॉप्टरच्या भागाला तास मोजून दिलेले आहेत. ते हेलिकॉप्टर बदलायच्या फाइलला मात्र तासही नाहीत नि वर्षंही नाहीत.

त्या फाइलचा प्रवास थोडक्यात सांगतो. या शतकाच्या सुरुवातीलाच १९७ हलकी हेलिकॉप्टर घ्यायचं ठरलं. चाचण्या झाल्या, युरोकॉप्टर कंपनीचं फेनेक निवडलं. डिसेंबर २००७ मध्ये निवडप्रक्रियेवर आक्षेप आले म्हणून सगळं रद्द. २००८ मध्ये पुन्हा निविदा, पुन्हा १९७. पुन्हा उंचावरच्या चाचण्या, पुन्हा फेनेक आणि कामोव्ह समोरासमोर. ऑगस्ट २०१४ मध्ये तेही रद्द. मग २०१५ मध्ये रशियाशी सरकार-सरकार पातळीवर २०० कामोव्हचं ठरलं, २०१६ मध्ये बाणावलीत सही झाली, २०१७ मध्ये भागीदारीची कंपनीही नोंदली गेली. त्यानंतर किंमत किती आणि किती टक्के भाग भारतात बनणार यावर घोडं अडलं. त्या हेलिकॉप्टरचं इंजिन फ्रेंच. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, रशियावर निर्बंध आले आणि उरलीसुरली आशाही गेली.

दुसरी वाट स्वदेशी. २००९ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सला १८७ हलकी हेलिकॉप्टर विकसित करायला सांगितलं: लष्कराला १२६, हवाई दलाला ६१. पहिलं उड्डाण ६ सप्टेंबर २०१६ला, म्हणजे बाणावलीतल्या सहीच्या जेमतेम दीड महिना आधी! त्याने लेहपासून दौलत बेग ओल्डीपर्यंत उंचावरच्या चाचण्या दिल्या. २०२० मध्ये हवाई दलाच्या आणि २०२१ मध्ये लष्कराच्या आवृत्तीला प्राथमिक मंजुरी मिळाली. त्याच वर्षी पहिल्या बारा हेलिकॉप्टरना हिरवा कंदील मिळाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकात तुमकुरूला ६१५ एकरांवरच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. पण ऑटोपायलट बसवून तो नीट तपासून घेण्यात पुढची वर्षं गेली. कारखाना तयार, हेलिकॉप्टर अडकलेलं.

आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने चेतक-चीताच्या जागी टेहळणीची हेलिकॉप्टर हवीत म्हणून कंपन्यांकडे पुन्हा माहिती मागवली. किती? दोनशे. लष्कराला १२०, हवाई दलाला ८०. १९७, पुन्हा १९७, २००, १८७ आणि परत २००. माझ्या जन्माच्या आधीपासून हा आकडा असा गोल फिरतोय. मी आता एकवीस वर्षांचा आहे.

उशिराची बाजू घेणाऱ्यांचंही ऐकायला हवं, कारण त्यांचं म्हणणं बाष्कळ नाही. पहिला मुद्दा घोटाळ्यांचा. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी घेतलेल्या ऑगस्टा वेस्टलँडच्या बारा हेलिकॉप्टरांचा करार लाचखोरीच्या आरोपांमुळे १ जानेवारी २०१४ रोजी रद्द झाला. कित्येक वर्षं चौकशा चालल्या. अशा वातावरणात कुठला अधिकारी धडाधड सह्या करील? जनतेचा पैसा आहे, तपासूनच खर्च व्हायला हवा.

दुसरा मुद्दा त्याहून गंभीर. घाईने आणलेलं यंत्रही जीव घेतं. ५ जानेवारी २०२५ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ‘ध्रुव’ कोसळलं आणि तिघांचा जीव गेला. चौकशीत बोट स्वॉशप्लेट नावाच्या भागाकडे गेलं. वैमानिकाच्या हातातल्या दांड्याची हालचाल वरच्या फिरत्या पात्यांपर्यंत पोचवणारा हा भाग. तो तुटला की वैमानिक कितीही निष्णात असो, त्याच्या हातात काही उरत नाही. देशभरातली सुमारे ३३० ध्रुव जमिनीवर बसवली गेली. इथे दाबोळीला असलेल्या नौदलाच्या तुकडीकडेही ध्रुवच आहेत. आणि ध्रुव तर काही घाईत बनलेलं नाही. १९८४ मध्ये काम सुरू झालं, १९९२ मध्ये ते पहिल्यांदा उडालं, २००२ मध्ये सेवेत आलं. इतकं करूनही असं होतं. मग नव्या हलक्या हेलिकॉप्टरचा ऑटोपायलट तपासायला दोन वर्षं जास्त लागली तर त्यात ओरडण्यासारखं काय?

ओरडण्यासारखं काहीच नाही. हे मी मनापासून मान्य करतो. चाचणीचा एक तासही कमी करू नये. पण माझी विनंती आहे की दोन वेगवेगळ्या उशिरांना एकाच पोत्यात घालू नका. एक उशीर चाचणीचा. त्यात रोज काहीतरी कळतं. हा भाग गरम होतो, इथे कंप जास्त आहे, इतक्या उंचीवर एवढंच वजन चालतं. असा उशीर पुढे जीव वाचवतो. दुसरा उशीर निर्णयाचा. त्यात काहीच कळत नाही. २००७ मध्ये रद्द, २०१४ मध्ये रद्द, नंतर किंमतीवर वर्षानुवर्षं घासाघीस. या सगळ्यातून वैमानिकाच्या सुरक्षिततेत एक कणभर भर पडली का? उलट, या दोन वाटा एकमेकींच्या आड येत राहिल्या. कामोव्ह येणार आहे म्हणून स्वदेशीची फारशी घाई नाही, आणि स्वदेशी उडायला लागलंय म्हणून कामोव्हसाठी घासाघीस करायला हरकत नाही. दोन्हीकडे वाट बघायला कारण मिळालं.

बाणावलीच्या त्याच बैठकीतल्या बाकीच्या गोष्टी पार का पडल्या, हेही यातून समजतं. एस-४०० तयार यंत्रणा होती, ती विकत घ्यायची होती. युद्धनौकांच्या त्याच घराण्यातल्या नौका आपल्या नौदलात आधीपासून होत्या. हेलिकॉप्टरकडून मात्र आपण एकाच वेळी दोन गोष्टी मागितल्या: ते लवकर यायला हवं, आणि त्याचे बहुतेक भाग इथेच बनायला हवेत. स्वदेशी उद्योग उभा राहायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण दोनशे हेलिकॉप्टरसाठी शेकडो सुट्या भागांचे कारखाने इथे उभे करायचे तर ते महाग पडणार आणि वेळही खाणार, हे सहीच्या दिवशीही दिसत होतं. लवकर की इथेच, यातलं आधी काय, हे कोणीतरी ठरवायला हवं होतं. ते ठरलं नाही.

इथे मला माझा विषय उपयोगी पडतो. सरकारी मराठीत वाक्यं कशी असतात आठवा. ‘निर्णय घेण्यात येईल.’ ‘प्रस्ताव विचाराधीन आहे.’ ‘प्रक्रिया प्रगतिपथावर आहे.’ निर्णय घेणार कोण? विचार करतंय कोण? कर्ता कुठेच नाही. पण अपघात झाला की लगेच वाक्याला कर्ता मिळतो. ‘वैमानिकाचे नियंत्रण सुटले.’ वीस वर्षांच्या उशिरात एकही कर्ता सापडत नाही आणि शेवटच्या वीस सेकंदांत मात्र बरोबर सापडतो. आणि तो त्या कॉकपिटमध्ये बसलेला असतो.

मार्च २०१५ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींचा एक गट हाच प्रश्न घेऊन संरक्षणमंत्र्यांकडे, म्हणजे पर्रीकरांकडे गेला होता. त्याआधी ऑक्टोबर २०१४ मध्ये बरेलीला चीता कोसळून तीन अधिकारी गेले होते. चेतक-चीता निवृत्त करा, अशी त्यांची मागणी होती. त्यांना कुठलं हेलिकॉप्टर घ्या हे सांगायचं नव्हतं. फ्रेंच, रशियन की भारतीय, हा त्यांचा वाद नव्हता. आमची माणसं आज यात बसतायत, एवढंच त्या सांगत होत्या. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत स्पष्ट बोलणं त्यांचं वाटतं.

आमच्या मिसेच्या सुरुवातीला आम्ही सगळे मिळून पापांची कबुली देतो. त्यात केलेल्या गोष्टींबरोबर न केलेल्या गोष्टींसाठीही क्षमा मागतो. लहानपणी मला हे विचित्र वाटायचं. जे केलंच नाही त्याचं पाप कसं? आता वाटतं, त्यात मोठं शहाणपण आहे. चुकीच्या सहीसाठी आपल्याकडे चौकशी आहे, कोर्ट आहे, तुरुंग आहे, आणि ते असायलाच हवं. पण न केलेल्या सहीसाठी काय आहे? काहीच नाही. म्हणून हुशार माणूस सही करत नाही. फाइल पुढच्या टेबलावर सरकवतो आणि निवृत्त होतो. त्याच्यावर कसलाही डाग नसतो.

मग करावं काय? विद्यार्थी म्हणून मला तीन साध्या गोष्टी सुचतात. एक, एखादी खरेदी रद्द करताना त्याच कागदावर लिहावं लागावं की मधल्या वर्षांत वैमानिक काय उडवणार, किती वर्षं, आणि त्यातला धोका कोणी मान्य केला. नावानिशी, पदानिशी. दोन, गुप्त तांत्रिक बाबी सोडून बाकी वेळापत्रक दरवर्षी संसदेपुढे यावं: काय ठरलं होतं, काय झालं, का राहिलं. तीन, स्वदेशी हेलिकॉप्टर पूर्ण तयार होईपर्यंत सर्वांत उंच, सर्वांत धोक्याच्या जागांसाठी थोडी तयार हेलिकॉप्टर घ्यावीत. यात स्वदेशीचा अपमान नाही. उलट त्याच्यावरचा घाईचा दबाव कमी होईल, चाचण्या शांतपणे होतील.

आपल्याला जमतच नाही, असंही नाही. कारगिलच्या युद्धात उंचावर लढणाऱ्या हेलिकॉप्टरची उणीव जाणवली. त्यातून स्वदेशी ‘प्रचंड’ तयार झालं, २०१० मध्ये उडालं, २०२२ मध्ये सेवेत आलं आणि मार्च २०२५ मध्ये १५६ ‘प्रचंड’ घेण्याचा करार झाला. वेळ लागला, खूपच लागला. पण वाट एकच धरली आणि ती शेवटपर्यंत नेली.

आमच्या वर्गातली एक मुलगी एनसीसीत आहे. लष्कराच्या परीक्षांची तयारी करतेय आणि तिला वैमानिक व्हायचंय. लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण नाशिकला होतं. तिथे चेतक-चीतावर कितीतरी पिढ्या शिकल्या. मी तिला हा लेख वाचायला दिला. वाटलं होतं, घाबरेल किंवा माझ्यावर चिडेल. तिने शांतपणे वाचला आणि म्हणाली, “मी तर जाणारच आहे रे. मिळेल ते उडवीन. तेवढं त्यांना माहीत आहे, म्हणून तर चालतंय ना सगळं.”

याच्यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. मिळेल ते उडवायला तयार असलेली माणसं आपल्याकडे नेहमीच होती आणि पुढेही असतील. त्यांच्या या तयारीवर किती वर्षं विसंबून राहायचं, हे मात्र त्यांनी ठरवायचं नाही. ते आपण विचारायचं आहे. पुढच्या वेळी बातमीत ‘निर्णय घेण्यात येईल’ असं वाचाल, तेव्हा निदान एवढं तरी विचारा: कोणाकडून, आणि कधीपर्यंत?